ट्रकच्या डिझेलांतील औषध : त्याची सांठवण आणि मात्रा

आमच्या भागांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं ट्रक आला आहे. कोणीं एकट्यानें घेतला, कोणीं दोघां-तिघां भावांनीं मिळून घेतला. हंगामांत आपला माल न्यावा, उरलेल्या दिवसांत शेजाऱ्यांचा न्यावा आणि पतपेढीचा हप्ता फेडावा, असा हा व्यवहार आहे. गाडी घेतांना तिचे कागद, विमा, परवाना, टायर यांची चौकशी मोठ्या बारकाईनें होते. परंतु तिच्या टाकींत डिझेलबरोबर आणखी कांहीं घालावयाचें कीं नाहीं, घालावयाचें तर किती, आणि तें घरांत कोठें व कसें ठेवावयाचें, याची चौकशी करणारा गृहस्थ मला तरी क्वचितच भेटला आहे. पंपावरच्या पोऱ्यानें सांगितलें म्हणून एक बाटली घेतली आणि ओतली, एवढ्यावर काम भागतें.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार फारसा नाहीं. शिक्षण मराठी शाळेंत झालें आणि नोकरी सारी तहसील कचेरींतील कारकुनीची. तथापि माप आणि नोंद या दोन गोष्टींशीं माझा जन्म गेला. आणि ज्या चुकीमुळें आमच्या घरचें लाखावर नुकसान झालें ती चूक यंत्राची नव्हती, मापाची व नोंदीची होती. म्हणून हें लिहावयास बसलों आहें.

सन २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यांतील गोष्ट. चाळींत उरलेला उन्हाळ कांदा वाशीच्या बाजारांत न्यावयाचा होता. ट्रक माझ्या पुतण्याचा, बीएस-६ जातीचा, घेऊन दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. पुतण्या हुशार आहे आणि काटकसरीही आहे. डिझेलांत घालावयाचें औषध लहान बाटल्यांनीं महाग पडतें म्हणून त्यानें पांच लिटरचा डबा आणला होता. आणि प्रत्येक खेपेस डबा गाडींत वागविणें नको म्हणून पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत तें वांटून ठेविलें होतें. त्याच फळीवर, तशाच बाटल्यांत, वाटेंत कमी पडला तर असावा म्हणून धुराच्या शुद्धीसाठीं वेगळ्या टाकींत घालावयाचा तो द्रव, ज्यास आमचे चालक नुसतें ‘युरिया’ म्हणतात, तोही त्यानें भरून ठेविला होता. चिठ्ठी एकाही बाटलीवर नव्हती. कोणती बाटली कशाची हें त्यास ठाऊक होतें, आणि त्यास ठाऊक आहे एवढ्याच आधारावर सारा कारभार चालला होता.

त्या दिवशीं त्यास ताप आला. गाडी घेऊन चालक एकटाच निघाला व फळीवरील एक बाटली त्यानें उचलली. औषध फिकट, पाण्यासारखें, युरियाही पाण्यासारखाच. पंपावर त्यानें बाटली डिझेलच्या टाकींत रिकामी केली, वर डिझेल भरलें आणि मुंबईचा रस्ता धरला. घोटीच्या अलीकडे डिझेलांत पाणी असल्याची खूण फलकावर पेटली. रस्त्यांत थांबून काय करावयाचें, म्हणून तो तसाच पुढें गेला. इगतपुरीच्या आसपास गाडीची ओढ गेली, मग ती आचके देऊं लागली आणि शेवटीं उभी राहिली ती राहिलीच. रात्रीं पुतण्या अंथरुणांतून उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, गाडी बंद पडली. औषध तर घातलें होतें असें तो म्हणतो.” सकाळीं आम्हीं फळीवरच्या बाटल्या खालीं घेतल्या आणि एकेकीचें झांकण काढून वास घेतला. रॉकेलसारख्या वासाच्या होत्या त्या सर्व जागेवर होत्या. बिनवासाची एक कमी होती.

पुढचा पाढा वाचण्यांत अर्थ नाहीं. टाकी उतरविली, नळ्या धुतल्या, गाळण्या बदलल्या. परंतु तोंपर्यंत तो द्रव उच्च दाबाच्या पंपांतून इंजेक्टरांपर्यंत पोंचला होता. दुरुस्तीचा आंकडा लाखावर गेला आणि गाडी अकरा दिवस उभी राहिली. कांदा दुसऱ्या गाडींत चढवून दुप्पट भाड्यानें पाठवावा लागला. मधल्या उशिरांत खालच्या थरांतील गोण्यांना पाणी सुटलें तें वेगळेंच.

असें कां झालें हें समजून घेण्याजोगें आहे. डिझेलचा एक लिटर वजनास सुमारें ८२० ते ८४५ ग्रॅम भरतो. युरियाच्या द्रवाचा एक लिटर सुमारें १,०९० ग्रॅम भरतो. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहींत. जड असेल तो तळाशीं बसतो, आणि टाकींतून तेल ओढणारी नळी तळाजवळच असते. म्हणजे टाकींत दोनशें लिटर चांगलें तेल असूनही इंजिनाकडे प्रथम गेला तो तळचा युरिया. आधुनिक इंजिनाचा पंप व इंजेक्टर यांना वंगण म्हणून वेगळें कांहीं मिळत नसतें. त्यांतून जाणारें डिझेल हेंच त्यांचें वंगण. तेथें पाणी गेलें कीं घांसणी सुरू होते. शिवाय पाणी आटतांच युरियाचे खडे धरतात आणि धातूही खाल्ला जातो. चावी फिरविण्यापूर्वीं चूक ध्यानांत आली असती तर टाकी रिकामी करून धुण्यावर भागलें असतें. यास्तव कोणाच्या हातून असें घडलेंच तर गाडी पंपाच्या बाजूस घेण्यापुरतीसुद्धां सुरू करूं नये. ढकलून बाजूस लावावी आणि टाकी उपसावी.

आतां या दोन द्रवांतील भेद सांगतों, कारण पुष्कळ घरांत तो कोणास नीट ठाऊक नाहीं. १ एप्रिल २०२० पासून देशांत बीएस-६ प्रतीच्या नव्या गाड्यांचा नियम लागू झाला. त्या गाड्यांपैकीं बहुतेक मोठ्या ट्रकांत धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर युरियाच्या द्रवाचा फवारा उडतो. उष्णतेनें त्याचा अमोनिया होतो व धुरांतील नत्राचे विषारी वायु मोडून त्यांचें साधें नत्र आणि पाणी होतें. या द्रवाची टाकी निराळी, तिचें झांकण बहुधा निळें, आणि दर शंभर लिटर डिझेलमागें तो चार ते सहा लिटर लागतो. तो इंजिनांत जळत नाहीं. उलट ज्यास मी औषध म्हणतों तें डिझेलांतच मिसळून इंजिनांत जळावयाचें असतें, आणि त्याची मात्रा लिटरमागें मिलिलिटरांत असते. एक धुराकडचा आणि एक चुलीकडचा, असें मीं आमच्या चालकास सांगितलें आहे.

हें औषध घालावें कीं घालूं नये, हा पहिला प्रश्न. पंपावरचें डिझेल कोरें येत नाहीं. बीएस-६ च्या डिझेलांत गंधकाचें प्रमाण दहा लाख भागांत दहाच भाग ठेवावयाचें असतें. पूर्वींच्या बीएस-४ मध्यें तें पन्नास होतें. गंधक काढण्याच्या प्रक्रियेंत तेलाचा अंगचा स्निग्धपणाही कमी होतो, म्हणून शुद्धीकरणाच्या कारखान्यांतच वंगण वाढविणारें द्रव्य त्यांत घालतात. जो ट्रक रोज चालतो, चांगल्या पंपावर तेल घेतो आणि ज्याच्या गाळण्या वेळेवर बदलल्या जातात, त्यास वरून औषधाची गरज नाहीं असें माझें स्पष्ट मत आहे. शिवाय कित्येक गाड्यांच्या माहितीपुस्तकांत परकीं द्रव्यें डिझेलांत घालूं नयेत असें छापलेलें असतें, आणि तसें घातल्यास हमीबद्दल तंटा उपस्थित होतो. तेव्हां बाटली विकत घेण्यापूर्वीं गाडीचें पुस्तक उघडावें. तें पुस्तक आमच्याकडे दोन वर्षें प्लॅस्टिकच्या पिशवींतून बाहेर निघालें नव्हतें.

परंतु शेतकऱ्याच्या ट्रकची चाल भाडोत्री वाहतूकदाराच्या ट्रकसारखी नसते. हंगाम संपला कीं तो महिना-दोन महिने, क्वचित् सारा पावसाळा, आंब्याखालीं उभा राहतो. अर्धी टाकी रिकामी असली म्हणजे दिवसाच्या उन्हानें आंतली हवा फुगते, रात्रीं आक्रसते आणि बाहेरची दमट हवा आंत ओढली जाते. तिचें पाणी होऊन तळाशीं सांचतें. त्या पाण्याच्या आणि तेलाच्या सीमेवर बुरशी व जंतु वाढतात आणि काळसर, बुळबुळीत सांका तयार होतो. पहिल्या पावसानंतर गाडी काढतांच गाळणी तुंबते ती यामुळें. आपल्याकडील डिझेलांत सात टक्क्यांपर्यंत जैविक डिझेल मिसळलेलें असूं शकतें, आणि तें ओल अधिक धरतें. उभ्या राहणाऱ्या गाडीस जंतुनाशक किंवा तेल टिकविणारें औषध उपयोगाचें आहे तें एवढ्यासाठीं. मात्र त्याआधीं फुकटचा उपाय आहे: उभी करतांना टाकी गळ्यापर्यंत भरावी आणि गाळणीच्या तळचें पाणी सोडावें. पाणी असतांना औषध ओतणें म्हणजे वाफ्यांत पाणी तुंबलेलें असतांना खत फेकणें होय.

बाकी औषधांच्या जाती दोन-तीन आहेत. इंजेक्टरवरची काजळी धुणारें एक. डिझेल लवकर पेटावें म्हणून त्याचा सीटेन आंकडा वाढविणारें दुसरें. हें बहुधा नायट्रेट जातीचें असून उष्णतेनें बिघडतें. थंडींत डिझेलांतील मेण गोठूं नये म्हणून घालावयाचें तिसरें. या तिसऱ्याच्या नादीं आपण लागूं नये. निफाडकडे एखाद्या हिवाळ्यांत पारा पांच अंशांच्या खालीं जातो हें खरें, पण तो पहाटेच्या चार घटकांचा मामला असतो. लडाखासाठीं सन २०१९ मध्यें उणें ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें निराळें डिझेलच काढण्यांत आलें. आपला ट्रक द्राक्षें घेऊन काश्मीराकडे हिवाळ्यांत जाणार असेल तर तिकडचें तेल तिकडेच भरावें. डिझेलांत रॉकेल घालण्याची जुनी संवय असेल तर ती मात्र आजच सोडावी. त्यानें तेलाचा स्निग्धपणा जातो, आणि भेसळ म्हणून गुन्हाही होतो.

मात्रेकडे वळूं. डब्यावर प्रमाण लिहिलेलें असतें. कधीं ‘एकास हजार’ असें, कधीं ‘दहा लाखांत अमुक भाग’ असें, तर कधीं ‘एक बाटली इतक्या लिटरांस’ असें. एकास हजार म्हणजे एका लिटरास एक मिलिलिटर. दहा लाखांत हजार भाग म्हणजेही तेंच. दहा लाखांत पांचशें भाग म्हणजे लिटरास अर्धा मिलिलिटर. एवढी त्रैराशिक ज्यास येते त्यास मेस्त्रीची गरज नाहीं. परंतु चूक हिशेबांत होत नाहीं, हिशेब कशाचा करावयाचा यांत होते. आमचा चालक टाकी अडीचशें लिटरची म्हणून प्रत्येक वेळीं अडीचशें मिलिलिटर ओतीत असे. टाकींत आधींचें, औषध घातलेलें नव्वद लिटर तेल शिल्लक असतांना नवें भरलें एकशें साठ, तर औषध एकशें साठ लिटरांचेंच लागतें. त्यानें अडीचशेंचें घातलें. दर खेपेस असेंच केलें म्हणजे टाकींतील औषधाचें प्रमाण ठरल्यापेक्षां वाढतच जातें. मात्रा नव्या भरलेल्या डिझेलवर मोजावी, टाकीच्या पोटावर मोजूं नये.

आणि नवें डिझेल किती भरलें हें फलकावरच्या कांट्यावरून ठरवूं नये. चढावर उभ्या गाडीचा कांटा एक सांगतो, उतारावरचा दुसरें. पंपाची पावती हें खरें माप. अडचण एवढीच कीं औषध डिझेलच्या आधीं टाकींत पडलें पाहिजे, म्हणजे वरून पडणाऱ्या तेलाच्या धारेनें तें नीट मिसळतें. आणि पावती मिळते मागाहून. यावर तोड अशी कीं, किती भरावयाचें तें आधीं ठरवावें आणि पंपवाल्यास पूर्ण लिटर सांगावेत. पैशाच्या आंकड्यानें तेल घेण्याची आपली रीत या कामीं गैरसोयीची आहे. दोन हजारांचें द्या म्हटलें कीं लिटर अपूर्णांकांत येतात आणि मात्रा अंदाजावर जाते.

जास्त पडल्यानें काय बिघडतें, असें पुष्कळजण विचारतात. काजळी धुणारें औषध अधिक झालें तर जुन्या गाडीच्या टाकीचा व नळ्यांचा बसलेला मळ एकदम सुटतो आणि गाळणींत येऊन अडकतो. सीटेन वाढविणाऱ्याचा ठराविक मर्यादेपलीकडे लाभ होत नाहीं, पैसा मात्र जळतो. जंतुनाशक तर विषच आहे. तें मापाबाहेर कां घालावें? तंबाखूस चुना लावतांना बोटाचा अदमास चालतो, तो येथें चालत नाहीं.

माप कशानें घ्यावें यावरही दोन शब्द लिहितों. औषधांत बहुधा खनिज तेलांतील तीव्र द्रावक असतात. चहाच्या टपरीवरील पातळ पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पेल्यांत मीं एकदां तें ओतून पाहिलें, तर पेल्याचा तळ हळूहळू मऊ होऊन बसला. पाण्याच्या बाटल्यांची झांकणेंही ढिलीं पडतात. रबरी दट्ट्याची पिचकारी फुगून अडकते. जाड पांढऱ्या प्लॅस्टिकची, मिलिलिटरांच्या खुणा असलेली उभी मापपट्टी अथवा कांचेचें माप बाजारांत अल्प किंमतींत मिळतें. तें या एकाच कामासाठीं ठेवावें. कीटकनाशक मोजण्याचा पेला या कामीं वापरूं नये आणि हा पेला फवारणीकडे नेऊं नये. एकाचा अंश द्राक्षाच्या पानावर गेला तर पान करपेल, आणि दुसऱ्याचा अंश इंजेक्टरांत गेला तर काय होईल याचा अनुभव आम्हांस आलाच आहे.

वांटून ठेवणें वाईट नाहीं. तें बिनचिठ्ठीचें असणें वाईट. मोठा डबा स्वस्त पडतो, आणि आपल्या संघाचे तीन-चार ट्रकवाले सभासद मिळून तो घेतील तर आणखी स्वस्त पडेल. परंतु वांटणी करावयाची ती त्याच औषधाच्या रिकाम्या, कोरड्या, घट्ट झांकणाच्या बाटल्यांत, किंवा औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या जाड पांढऱ्या बाटल्यांत करावी. वांटण्यापूर्वीं मूळ डबा झांकण लावून हलवावा, कारण कांहीं द्रव्यें तळास बसतात. प्रत्येक बाटलींत एका ठराविक भरण्याची मात्रा असावी, आणि चिठ्ठीवर लिहावें: ‘डिझेलच्या टाकींत, १५० लिटरांस, तारीख अमुक.’ औषधाचें व्यापारी नांव लिहिलें नाहीं तरी चालेल, पण ‘डिझेलच्या टाकींत’ हे शब्द पाहिजेतच. शाई तेलानें पुसते म्हणून चिठ्ठीवर पारदर्शक पट्टी चिकटवावी. आमच्याकडे आतां औषधाच्या बाटल्यांना तांबडी फीत आणि युरियाच्या कॅनला निळी फीत बांधलेली असते, आणि दोन्ही एका खोलींत ठेवीत नाहींत. दोहोंचीं नरसाळींही निराळीं आहेत.

ज्यांच्याकडे डिझेल पिंपांत सांठविलेलें असतें त्यांच्यासाठीं एक इशारा. पिंपांतील तेलास औषध घातलें, तेंच तेल ट्रकमध्यें ओतलें आणि चालकानें पुन्हां बाटली ओतली, असें दुहेरी औषध होणें ही सर्वांत साधारण चूक आहे. औषध घातलेल्या पिंपावर खडूनें किंवा रंगानें तारीख व मात्रा लिहावी. दोनशें लिटरच्या पिंपास औषध घालतांना आधीं अर्धें पिंप भरावें, मग औषध ओतावें, मग उरलेलें भरावें. पिंप उभें करून उघड्यावर ठेवलें तर त्याच्या माथ्यावर पावसाचें पाणी सांचतें, आणि रात्रीं पिंप थंड झालें कीं तें पाणी बुचाच्या फटींतून आंत शोषलें जातें. म्हणून पिंप छपराखालीं, आडवें, दोन्ही बुचें एका आडव्या रेषेंत येतील असें लाकडावर ठेवावें. म्हणजे दोन्ही बुचें तेलाखालीं राहतात आणि हवा ओढीत नाहींत. जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यांत डिझेल ठेवूं नये. जस्त आणि तांबें डिझेल बिघडवितात. चांगल्या स्थितींतही पिंपांतलें डिझेल सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच भरंवशाचें असतें.

कायद्याचा प्रश्न निघेल म्हणून सांगतों. सन १९३४ चा पेट्रोलियम कायदा अद्याप चालू आहे. त्या कायद्यान्वयें डिझेल हें ‘ब’ वर्गांत येतें, आणि एका ठिकाणीं एकूण २,५०० लिटरांपर्यंत, व एकही भांडें १,००० लिटरांहून मोठें नसेल तर, सांठ्यासाठीं परवाना लागत नाहीं. कचेरींत असतांना या प्रश्नावर मीं किती वेळां लोकांस उगाच घाबरलेलें पाहिलें आहे! अर्थात् परवाना लागत नाहीं म्हणून पिंप गवताच्या गंजीशेजारीं ठेवण्याची मोकळीक मिळाली असें नव्हे. औषधाच्या डब्यांनाही तोच नियम: धान्य, बारदान, चारा यांपासून दूर, पत्र्याच्या तापणाऱ्या छपराखालीं नव्हे, आणि जवळ वाळूची बादली. जुना डबा पुढें व नवा मागें ठेवावा. उघडलेल्या डब्यावर उघडल्याची तारीख घालावी.

युरियाच्या द्रवाची सांठवण याहून नाजूक आहे, जरी तो पेट घेत नाहीं. त्यांत वजनानें ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी असतें. सतत २५ अंश उष्णतेंत तो अठरा महिने टिकतो, ३० अंशांत बारा, ३५ अंशांत सहा. त्याच्या वर भरंवसा नाहीं. आपल्याकडील वैशाखांत पत्र्याखालीं किती उष्णता होते हें सांगावयास नको. तेव्हां हंगामापुरताच आणावा, मातीच्या भिंतीच्या थंड खोलींत ठेवावा, आणि झांकण उघडतांच अमोनियाचा तिखट वास आला तर तो गाडींत घालूं नये. तांबें, पितळ, जस्त यांना तो खातो. पितळेचा तोटी असलेला डबा त्यास चालत नाहीं. कित्येक द्राक्षबागाईतदारांकडे साखर मोजण्याचें ब्रिक्सचें यंत्र असतें, त्यानें हा द्रव तपासण्याची कल्पना एका मित्रानें काढली होती. तें यंत्र साखरेसाठीं आंखलेलें आहे. त्याचा आंकडा म्हणजे युरियाची टक्केवारी नव्हे.

याहून मोठी कल्पना कांहीं घरांत निघते, आणि तिच्याविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. युरियाचें पोतें तर घरांतच आहे, मग विहिरीच्या पाण्यांत तो विरघळवून गाडींत कां घालूं नये? शेतीच्या युरियास सन २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला आहे. तें तेल विरघळत नाहीं. त्यांत बाययुरेट नांवाचा दोष दीड टक्क्यापर्यंत चालतो, गाडीच्या द्रवांत ०.३ टक्क्याहून अधिक चालत नाहीं. विहिरीच्या पाण्यांतील चुना धुराच्या नळींतील महागड्या जाळीवर बसतो आणि ती कायमची निकामी होते. शिवाय सरकारी सवलतीचा युरिया शेतीवांचून अन्य कामास वापरणें हा सन १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखालीं आणि १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखालीं गुन्हा आहे. शंभर रुपये वांचविण्यासाठीं जाळीही घालवावयाची आणि कचेरीची पायरीही चढावयाची, हा कसला हिशेब?

एक गोष्ट मीं मुद्दाम मागें ठेवली होती. त्या दिवशीं फळीवरच्या बाटल्या खालीं घेतल्या तेव्हां पुतण्याची चार वर्षांची मुलगी शेजारीं उभी होती. “आजोबा, मला पाणी,” म्हणून तिनें हात पुढें केला. बाटली पाण्याची, आंतील वस्तु पाण्यासारखी. तिचें काय चुकलें? लाख रुपयांच्या दुरुस्तीपेक्षां तो हात मला अधिक काळ आठवतो. हें औषध पोटांत गेल्यास ओकारी काढविण्याचा घरगुती उपाय मुळींच करूं नये. ओकतांना तें श्वासनलिकेंत व फुप्फुसांत जातें आणि अपाय वाढतो. डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गांठावा, म्हणजे वैद्यास कोणतें द्रव्य हें कळेल. अंगावर सांडल्यास साबणानें धुवावें. सांडलेल्या तेलाचे बोळे कोपऱ्यांत साठवूं नयेत. आतां आमच्या घरीं लोखंडी कपाट आहे आणि त्याची किल्ली माणसाच्या उंचीवर खिळ्यास असते.

शेवटीं नोंदवहीबद्दल. शाळेच्या साध्या वहींत मीं सहा रकाने आंखून दिले आहेत: तारीख, गाडीचे किलोमीटर, भरलेलें डिझेल पावतीप्रमाणें, औषध मिलिलिटरांत, युरिया लिटरांत, आणि भरणाऱ्याची सही. पुतण्या प्रथम हंसला. पण तीन महिन्यांनीं त्याच वहीवरून ध्यानांत आलें कीं डिझेलच्या मानानें युरिया शंभरास दोनच लिटर जात आहे, आणि मेस्त्रीस दाखवितां फवाऱ्याचें तोंड बुजलेलें निघालें. चालक तोच आहे. त्यास काढून टाकावें असें घरांत कांहींजणांचें म्हणणें होतें. मीं म्हटलें कीं चिठ्ठी नसलेल्या बाटलीबद्दल सहीवाल्यास शिक्षा करतां येत नाहीं. आतां सहीच्या रकान्यांत त्याचेंच नांव सर्वांत अधिक वेळां आहे, आणि मागच्या खेपेस पंपावर एका परक्या गाडीवाल्यानें बिनचिठ्ठीची बाटली पुढें केली ती त्यानें घेतली नाहीं, असें तो मला मोठ्या अभिमानानें सांगत आला.

रिकामे डबे पाण्यासाठीं शेतावर जाऊं नयेत म्हणून आम्हीं ते कुदळीनें भोंकें पाडून मगच भंगारवाल्यास देतों.